ट्यूबवरची बारीक अक्षरं

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २४ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत कामाला आहे. नववीत असल्यापासून चेहऱ्यावर मुरूम आहेत. ‘वयाचं आहे, जाईल’ असं ऐकत ऐकत कॉलेज संपलं, तरी ते काही गेले नाहीत. गालांवर, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला येतात, पाळीच्या आधी जास्त. साधारण दीड वर्षापूर्वी मामीने मेडिकलमधून एक क्रीम आणून दिलं. आठवड्याभरात चेहरा इतका स्वच्छ आणि उजळ झाला की ऑफिसातल्या बायका काय लावतेस म्हणून विचारायला लागल्या. पण आता एक-दोन दिवस लावायचं राहिलं तरी चेहरा लालबुंद होतो, आग होते, बारीक पुरळ उठतं. परत लावलं की थांबतं. उन्हात गेलं की चटके बसतात. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात आणि हनुवटीवरची लवही वाढलीय. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं लिहिलंय.

आई म्हणते पोट साफ होत नाही, अंगात उष्णता आहे. आजी म्हणते लग्न झालं की आपोआप जातील. मी दिवसातून पाच-सहा वेळा फेसवॉशने तोंड धुते. लिंबू लावून झालं, टूथपेस्टही लावून झाली. दोन महिन्यांनी पाहुणे बघायला येणार आहेत. यापेक्षा चांगलं कुठलं क्रीम आहे का? माझी नववीतली मामेबहीणही हेच क्रीम लावते.

— एक वाचक

उत्तर

बरं झालं तू ट्यूबवरची नावं उतरवून पाठवलीस. बहुतेक पत्रांत ‘पांढऱ्या ट्यूबमधलं क्रीम’ एवढंच असतं आणि मग मला अंदाज बांधत बसावं लागतं. तुझ्या बाबतीत अंदाजाची गरजच नाही. त्या तीन नावांतलं शेवटचं, मोमेटासोन, हे स्टिरॉइड आहे. आज तुझ्या चेहऱ्यावर जे चाललंय त्यातलं बरंचसं त्याचंच आहे. म्हणजे तुला आता दोन दुखणी आहेत. एक तुझे जुने मुरूम आणि दुसरं हे क्रीमने आणलेलं. आधी दुसऱ्याकडे बघायला लागेल, कारण ते निस्तरल्याशिवाय पहिल्याचं औषध तुझ्या त्वचेला सोसणार नाही.

या तिघांची जोडी मुळात वांगासाठी आहे, म्हणजे गालांवर येणाऱ्या तपकिरी चट्ट्यांसाठी. अशा प्रकारचं मिश्रण १९७५ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलं. हायड्रोक्विनोन रंग कमी करतं, ट्रेटिनॉइन त्वचेची पेशी-उलाढाल वाढवतं आणि या दोघांनी होणारी जळजळ दाबायला थोडं स्टिरॉइड घातलेलं असतं. डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे वापरायचं हे औषध आहे. आपल्याकडे मात्र ते ‘गोरं करणारं क्रीम’ म्हणून घरोघरी पोचलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. ट्यूबवर तसा इशाराही छापलेला असतो. तरी मेडिकलमध्ये नाव सांगितलं की मिळतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

आठवड्यात फरक पडला तो खराच होता. स्टिरॉइड सूज आणि लाली झटकन दाबतं, त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. मुरूम मात्र आतल्या आत बनतच राहतो. महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडून बाहेरून दिसायला लागतात (तुझ्या गालांवरच्या लाल शिरा त्याच), लव वाढते, आणि स्टिरॉइडमुळेच एक वेगळ्या प्रकारचं पुरळ येतं, सगळे फोड साधारण एकाच मापाचे. लावणं थांबवलं की दाबून ठेवलेली सूज एकदम उसळते. तेव्हा माणसाला वाटतं, बघा, क्रीम बंद केलं आणि मुरूम परत आले, म्हणजे क्रीम चांगलंच होतं. पुन्हा ट्यूब उघडली जाते. तू याच फेऱ्यात आहेस, आणि तुझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने चेहऱ्यावरच्या स्टिरॉइड क्रीमविरुद्ध मोहीम चालवली ती उगाच नव्हे.

तेव्हा ‘यापेक्षा चांगलं क्रीम’ सांगत नाही. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ट्यूब सोबत ने, आणि दीड वर्ष रोज लावलंय हे स्पष्ट सांग. मामीचं नाव घ्यायला संकोच वाटत असेल तर नको घेऊस, पण क्रीम लपवू नकोस. त्वचेची अवस्था बघून डॉक्टर ते एकदम थांबवायचं की हलक्या औषधावर आणून हळूहळू सोडवायचं हे ठरवतील. सूज दाबायला स्टिरॉइड नसलेलं मलम देतात, टॅक्रोलिमस हे त्यातलं नेहमीचं नाव. तोपर्यंत लिंबू, टूथपेस्ट, बेसन, स्क्रब, ब्लीच, फेशियल, सगळं बंद. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, त्यावर सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन. एवढंच. डोक्यावरून ओढणी घेऊन जात असशील तर उत्तमच.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर मध्येच घाबरशील. क्रीम सुटताना पहिले काही आठवडे, कधी काही महिने, चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल. लाल होईल, कोरडा पडेल, पुरळ येईल. हे होणार हे माहीत असलं की टिकता येतं. माहीत नसेल तर तिसऱ्या दिवशी हात ट्यूबकडे जातो.

तज्ज्ञ निवडताना पाटीवरचं ‘स्किन’ एवढंच वाचू नकोस. एमबीबीएसनंतर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका आहे का ते बघ. ‘कॉस्मेटॉलॉजी’चं सर्टिफिकेट म्हणजे ते नव्हे. पैशांची अडचण असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. रांग असते, एक दिवस रजा टाकावी लागेल, पण जा.

आता जुन्या मुरमांकडे वळू. त्वचेच्या छिद्रात एक केस आणि त्याला चिकटलेली तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात (ती मुलींच्याही शरीरात असतात) आणि ही ग्रंथी जास्त तेल सोडायला लागते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी नीट गळून न पडता एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत तेल साठतं, तिथे नेहमीच राहणारे जिवाणू वाढतात आणि शरीर त्याला सूज आणून उत्तर देतं. सूज वर वर असेल तर लाल पुटकुळी, खोल गेली तर दुखणारी गाठ. बूच उघडं राहिलं तर त्यातलं तेल आणि त्वचेचा रंग हवेशी संयोग पावून काळं दिसतं, तोच ब्लॅकहेड. ती धूळ नव्हे. त्यामुळे पाच-सहा वेळा तोंड धुऊन तो जाणार नाही. उलट इतकं धुतल्याने त्वचेचं संरक्षक आवरण निघून जातं आणि मग जी औषधं लावायची तीच झोंबायला लागतात. दोनदा पुरे, आणि घाम आला तर नुसतं पाणी.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेळेची आहे. आज आरशात दिसणाऱ्या मुरमाचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वीच बसलेलं असतं. म्हणून मुरमांचं कुठलंही प्रामाणिक औषध चार दिवसांत गुण दाखवत नाही. आठ ते बारा आठवडे लागतात. आठवड्यात चेहरा चकचकीत करून देणारी कुठलीही वस्तू दिसली की संशय घ्यायचा, मग ती मेडिकलमधली असो, पार्लरमधली असो की मोबाईलवर कुणी विकत असो.

तुझी त्वचा शांत झाल्यावर डॉक्टर बहुधा एखादं रेटिनॉइड देतील, आपल्याकडे जास्त करून अ‍ॅडापालिन. ते बूच बसूच देत नाही. म्हणून ते आलेल्या पुटकुळीवर टिपका लावायचं औषध नव्हे, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर लावायचं असतं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, डोळे-ओठांच्या कडा सोडून. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिल्या काही आठवड्यांत सालं निघतात आणि मुरूम किंचित वाढल्यासारखे वाटतात, तिथेच निम्मी माणसं ‘हे मला सूट होत नाही’ म्हणून सोडून देतात. तुझ्या ट्यूबमधलं ट्रेटिनॉइनही याच घराण्यातलं आहे, म्हणून सांगते: त्या औषधाबद्दल मनात अढी धरू नकोस. बिघडवलं ते सोबतच्या स्टिरॉइडने.

दुसरं हमखास औषध बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. अडीच टक्क्यांचं जेल पाच किंवा दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि झोंबतं कमी, म्हणून जास्त आकडा मागायला जाऊ नये. मात्र ते कपड्यांचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे ठेव, आणि लावून लगेच रंगीत कुर्ता डोक्यातून घालू नकोस. मेडिकलवाले ‘मुरमांची जेल’ म्हणून नुसतं क्लिंडामायसिन काढून देतात, ते एकटं लावत राहिलं तर जिवाणू दाद देईनासे होतात. ते बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबरच. डागही असतील तर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड चांगलं: मुरूम आणि डाग दोन्हींवर हळूहळू काम करतं.

मुरूम जास्त आणि सुजलेले असले तर पोटातून डॉक्सिसायक्लिन देतात, सहसा तीनेक महिन्यांच्या वर नाही. ती गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. या गोळीमुळे उन्हात त्वचाही लवकर भाजते, आणि तुला ऊन आधीच सोसत नाही, याची डॉक्टरांना आठवण करून दे.

तुझ्या पत्रात मला आणखी एक धागा दिसतो. मुरूम जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर, पाळीच्या आधी जास्त, वय २४, आणि वाढलेली लव. लवेचं खापर क्रीमवर फोडता येईल, पण सगळंच नव्हे. तुझी पाळी नियमित येते का, हे तू लिहिलेलं नाहीस. दीड-दोन महिने पुढे जात असेल, वजन वाढलं असेल, डोक्यावरचे केस विरळ होत असतील तर पीसीओएसची (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी लांबते, त्या विकाराची) तपासणी करून घे. त्वचारोगतज्ज्ञ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवतील. ‘लग्नाआधी तिथे कशाला जायचं’ असं घरी म्हणतील, तरी जा. तसं असेल तर नुसती मलमं वर्षानुवर्षं पुरी पडत नाहीत, आतून संप्रेरकांवर उपचार करावा लागतो, आणि तो होतो.

आईच्या म्हणण्याकडे वळते. पोट साफ नसल्याने मुरूम येतात याला आधार नाही. बद्धकोष्ठ असेल तर त्यासाठी त्याचा इलाज कर, चेहऱ्यासाठी नव्हे. खाण्याचा संबंध मात्र अजिबात नाही असंही आता कुणी म्हणत नाही. रक्तातली साखर पटकन चढवणारं खाणं, म्हणजे गोड चहा दिवसातून चार वेळा, बिस्किटं, पाव, कोल्ड्रिंक, हे काही जणांचे मुरूम वाढवतं असं अभ्यासांत दिसतं. दुधाचा संबंध त्याहून कच्चा आहे, पण काहींना जाणवतो. भाऊ जिमला जात असेल आणि त्याच्या पाठीवर मुरूम उठले असतील तर त्याच्या व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरच्या डब्याकडे बघ. भजी, शेंगदाणे, तूप यांना मात्र फुकट बदनाम केलंय. भाकरी-भाजी-उसळ खा, गोड चहा कमी कर, आणि खाण्यावरून स्वतःला शिक्षा देणं थांबव.

कपाळावरही बारीक पुटकुळ्या असतील तर डोक्याला चोपडलेलं तेल हे कारण असू शकतं. रात्री तेल लावून झोपण्याऐवजी आंघोळीआधी तासभर लाव आणि धुऊन टाक. लिंबाचं तर नावच काढू नकोस: लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजून काळे चट्टे पडतात.

फोडायचे नाहीत, हे हजारदा ऐकलं असशील. त्यामागचं कारण एवढंच की दाबल्यावर पू बाहेर येतो तितकाच आतही फुटतो, आणि खड्डा पडतो तो त्या आतल्या सुजेमुळे. डाग आणि खड्डा यातला फरकही समजून घे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरूम गेल्यावर तपकिरी डाग राहतो, तो सनस्क्रीन आणि धीर यांच्या जोरावर काही महिन्यांत फिका होतो. खड्डा आपणहून भरत नाही. त्यासाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), लेझर असे उपाय आहेत, खर्चिक आहेत, आणि मुरूम येणं थांबल्यावरच करायचे असतात. कुणी आत्ताच ‘पॅकेज’ घ्यायला लावत असेल तर उठून ये. खड्डे टाळायचे तर मुरूम वेळेवर आटोक्यात आणणं हाच स्वस्त मार्ग, म्हणून ‘वयाचं आहे’ म्हणत वाट बघायला माझा विरोध आहे.

मामेबहिणीचं क्रीम आजच थांबवायला सांग असं म्हणणार होते, पण ती किती दिवस लावतेय ते तू लिहिलेलं नाहीस. आठ-दहा दिवसच झाले असतील तर थांबवावं. महिने झाले असतील तर तिलाही तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे घेऊन जा. मामीवर रागावू नकोस, तिने तर भलं करायलाच आणलं होतं. पण वाढत्या वयातल्या मुलीच्या चेहऱ्यावर हे रोज चोळणं बरं नव्हे, हे तिला शांतपणे सांग, आणि या उत्तराचं कात्रण दाखवायला हरकत नाही.

राहिला प्रश्न लग्नाचा. आजीचं म्हणणं खोडून काढण्याच्या भानगडीत पडू नकोस, पण त्यावर विसंबूनही राहू नकोस. लग्नाने तेलग्रंथींना काही कळत नाही. पुष्कळ बायकांना तिशी-चाळिशीतही मुरूम येतात. आणि दोन महिन्यांत चेहरा नितळ होईल असं मी तुला खोटं सांगणार नाही. क्रीम सुटायचे तेच दिवस असतील. कार्यक्रम पुढे ढकलता आला तर ढकल. नाही आला तर लाल चेहऱ्याने पोहे दे, पण त्या आठवड्यापुरतं म्हणून ट्यूब पुन्हा उघडू नकोस, झालेली सगळी मेहनत तिथेच वाया जाईल. सनस्क्रीनवर थोडा कॉम्पॅक्ट चालेल, फक्त ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारा) लिहिलेला बघ आणि रात्री उतरवून झोप.

मात्र लग्नाचा आणि तुझ्या औषधांचा एक खरा संबंध आहे, तो कुणी तुला घरात सांगणार नाही. मुरूम गाठींचे असतील, खड्डे पडत असतील किंवा बाकी कशानेच हटत नसतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुचवतील. औषध प्रभावी आहे, बहुतेकांना काही महिन्यांच्या एका कोर्सने मोठा आराम पडतो. ओठ फाटतात, त्वचा कोरडी पडते, आणि यकृत व रक्तातल्या चरबीच्या तपासण्या कराव्या लागतात. पण या कॅप्सूल चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंगं येऊ शकतात. म्हणून सुरू करण्याआधी एक महिना, घेताना सगळा काळ आणि थांबवल्यावर आणखी एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही, आणि सुरू करण्यापूर्वी गर्भचाचणी करायची. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत, अ‍ॅडापालिनही थांबवतात. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड चालतं. तेव्हा लग्न ठरलं की तारीख डॉक्टरांना कळव, आणि मूल कधी हवंय ते संकोच न करता सांग, त्यावर औषधं बदलता येतात. लग्नानंतर गाव बदललं तर नव्या डॉक्टरांना दाखवायला सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेव. आणि पाळी नियमित आहे की नाही ते मला पुढच्या पत्रात लिही.